मोरस साखर आणि बेटांचा स्वर्ग

प्रवासवर्णन हा आमच्या भाषेतील एक लोकप्रिय प्रकार होय, आणि अलीकडे त्यात बेटांची भर फार पडू लागली आहे. दिवाळी अंक उघडावा किंवा रविवारची पुरवणी चाळावी, तो मॉरिशस, रियुनियन, ताहिती, क्वचित कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक, यांपैकी कोठले तरी बेट हटकून भेटते. यांपैकी बहुतेक बेटे आजही फ्रान्सच्या छत्राखाली आहेत. मॉरिशस तेवढे स्वतंत्र आहे. परंतु तेथे १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती, आणि इंग्रजांनी बेट जिंकून घेतल्यावरही फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, चालीरीती व मालमत्ता यांस धक्का लावला नाही. भाषाही त्यांचीच टिकली. तेव्हा प्रस्तुत लेखापुरते त्याला फ्रेंच बेटांच्या पंक्तीस बसविण्यास हरकत नसावी.

या वर्णनांविषयी आमची तक्रार ती खोटी आहेत अशी नाही. समुद्र निळा असतो, वाळू पांढरी असते, आणि संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडताना दिसतो, हे सर्व खरेच आहे. तक्रार एवढीच की, लेखातील बेटाचे नाव बोटाने झाकून ठेवले, तर वर्णन मॉरिशसचे की ताहितीचे हे खुद्द लेखकासही सांगता येऊ नये. कोकणच्या कोणत्याही किनाऱ्याविषयी असे होत नाही. मुरूड आणि मालवण यांची वर्णने कोणी अदलाबदल करू लागला, तर वाचक त्यास तत्काळ पकडतील. मग दूरच्या बेटांविषयीच आमचे लेखक असे सरधोपट का लिहितात? आमच्या मते याचे कारण असे की, ते बेट पाहण्याआधी बेटाचे वर्णन वाचून निघालेले असतात, आणि तेथे पोचल्यावर डोळ्यांपुढचे सोडून तेच पुन्हा लिहितात. हा साचा मराठी नाही. तो फ्रेंच आहे, आणि तो कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे.

बोगनवेल आमच्या दारोदार आहे. जिच्या नावात ज्याचे नाव अडकून राहिले तो बूगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६८ साली ताहितीस पोचला, दहाएक दिवस राहिला, आणि ग्रीक पुराणातील प्रेमदेवतेच्या बेटाचे नाव त्याने त्या भूमीला देऊन टाकले. १७७१ साली त्याचे प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले आणि सारा युरोप ताहितीच्या नादी लागला. पुढे १८८० साली प्येर लोती याने ताहितीवर कादंबरी लिहिली, आणि १८९१ साली गोगँ हा चित्रकार त्याच स्वप्नाच्या मागे तेथे गेला. गोगँ पोचला तेव्हा पापीतीत मिशनऱ्यांची प्रार्थनामंदिरे व सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. जे सापडले नाही ते त्याने चित्रांत निर्माण केले. चित्रे थोर आहेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती चित्रे पाहून ताहितीस गेलेला प्रवासी काय पाहून येतो, हा प्रश्न वेगळा. त्याच फ्रेंच पॉलिनेशियात मोरुरोआ व फांगाताउफा या कंकणद्वीपांवर १९६६ ते १९९६ या तीस वर्षांत फ्रान्सने १९३ अणुस्फोट केले. स्वर्गाच्या जाहिरातीत ही संख्या कोठे येत नाही.

याहून उद्बोधक गोष्ट आहे ती बेर्नार्दँ द सँ-प्येर या ग्रंथकाराची. आणि ती मॉरिशसचीच असल्यामुळे तिच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. हा गृहस्थ १७६८ ते १७७० या काळात त्या बेटावर सरकारी नोकरीत होता. परत गेल्यावर १७७३ साली त्याने आपल्या प्रवासाचे वृत्त पत्ररूपाने छापले. त्यातील गुलामांविषयीचे पत्र आजही अंगावर काटा आणते. चाबूक, गळ्यातील लोखंडी पट्टे, पळून गेलेल्यांची शिकार, हे सर्व त्याने डोळ्यांनी पाहिले आणि तसेच लिहिले. साखर आणि कॉफी युरोपच्या सुखास लागतात की नाही कोण जाणे, पण त्यांपायी दोन खंड दुःखात लोटले गेले, अशा आशयाचा निर्वाळाही त्याने दिला. या पुस्तकाने त्यास कीर्ती मात्र फारशी मिळाली नाही. ती मिळाली पंधरा वर्षांनी, १७८८ साली, जेव्हा त्याने तेच बेट घेऊन ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कथा लिहिली. निसर्गाच्या कुशीत वाढलेली दोन निष्पाप मुले, केळी, झरे, पाखरे, आणि शेवटी वादळात बुडणारे जहाज: युरोपातील घराघरांत डोळ्यांस पदर लागले. मॉरिशसच्या स्वर्गाची पहिली वीट ही.

गंमत अशी की, या कथेतही ते जुने पत्र पुरते पुसले गेलेले नाही. मालकाच्या छळास कंटाळून पळालेली एक गुलाम स्त्री या मुलांच्या दारी येते. मुले दयेने विरघळतात आणि काय करतात? तिला हाताशी धरून काळ्या नदीच्या काठी तिच्या मालकाकडे परत नेतात, आणि तिच्यासाठी क्षमा मागतात. मालक क्षमा करतो. मुले आनंदाने घरी निघतात. आणि मागाहून कळते की त्या स्त्रीच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालून तिला साखळीने जखडले आहे. ग्रंथकाराने हे मुद्दाम लिहिले की त्याच्या हातून ते निसटले, याविषयी टीकाकारांनी हवे तेवढे भांडावे. आम्हांस त्यात पुढील दोनशे वर्षांच्या सगळ्या द्वीपवर्णनांचा नमुना दिसतो. पाहुणा कळवळतो, त्याचे अंतःकरण निर्मळ असते, तो घरी परत जातो, आणि जिच्यासाठी कळवळला तिची साखळी तशीच राहते.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. देवाने आधी मॉरिशस घडविले आणि मग त्यावरून स्वर्ग बेतला, हे वचन मार्क ट्वेनच्या नावावर प्रत्येक जाहिरातीत व आमच्याकडील बहुतेक लेखांत आढळते. ट्वेन १८९६ साली त्या बेटावर गेला होता हे खरे, आणि ते वाक्य त्याच्या पुढच्या वर्षी निघालेल्या पुस्तकात आहे हेही खरे. पण ते त्याचे मत नव्हे. तेथला एक रहिवासी असे सांगतो, असे त्याने लिहिले. आणि लगेच, दुसरा रहिवासी ही अतिशयोक्ती असल्याचे सांगतो, अशी पुस्ती जोडली. विनोदी लेखकाचा टोमणा प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीवर लावावयाचा, यापेक्षा मोठा विनोद ट्वेनलाही सुचला नसता.

आता मराठीकडे वळू. या बेटाशी आमचा संबंध विमानाने जोडला असे ज्यांस वाटते, त्यांनी आपल्या आजीला विचारावे. जुन्या मराठीत बारीक पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ साखर म्हणत; म्हणजे मॉरिशसहून येणारी. बेटाचे नाव आमच्या स्वयंपाकघरात डब्यावर बसले, पण ती साखर करणारे हात कोणाचे, हे डब्याने कधी सांगितले नाही. त्या हातांत आमचेही हात होते. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास आरंभ केला, आणि १८३४ ते १९२० या अवधीत पोर्ट लुई बंदराच्या धक्क्यावर सुमारे पाच लाख माणसे उतरली. कित्येकांस तेथून पुढे रियुनियन, आफ्रिका, वेस्ट इंडीज या दिशांना पाठविण्यात आले. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून आले. मुंबई बंदरातून गेलेला भाग लहान, परंतु त्यात रत्नागिरीकडील कोकणी कुणबी व इतर कष्टकरी होते. आज वाक्वा, हेन्रिएटा, कास्कावेल या भागांत त्यांची नातवंडे-पणतवंडे आहेत. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते, जाखडीचा नाच अद्याप होतो, आणि शाळांतून मराठी शिकविले जाते. घरात व बाजारात मात्र तोंडी असते ती क्रेओल, जी फ्रेंचांच्या मळ्यांवर गुलामांनी घडविली.

मराठी लेखक तेथे गेला म्हणजे या सर्वांचे काय करतो? तो गणपती पाहतो आणि त्याचा ऊर भरून येतो. सातासमुद्रापलीकडेही आपल्या संस्कृतीचा झेंडा फडकत असल्याचे तो कळवितो, आणि पुढच्या परिच्छेदात पाण्याखालची मासळी पाहावयास जातो. हा ऊर भरून येण्याचा प्रकार आम्हांस बराच संशयास्पद वाटतो. ज्या माणसाच्या पणजोबाला कराराच्या कागदावर अंगठा उठवून बोटीत चढावे लागले, त्याने गणपती राखला तो आमच्या अभिमानाची सोय म्हणून नव्हे. त्याचा गणपती हा आमच्या गणपतीची शाखा नाही. तो त्या उसाच्या मळ्यात, क्रेओल बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या मध्ये, वेगळ्या कारणांसाठी जगलेला आहे. त्याला काय आठवते, काय आठवत नाही, मराठी शिकून मुलाला त्या देशात उपयोग काय, फ्रेंच वर्तमानपत्रे वाचणाऱ्या नातवाला आजोबांच्या ओव्या कळतात काय, हे प्रश्न विचारावयास पाहिजेत. ते अर्ध्या तासाच्या सत्कारसमारंभात विचारता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण मग समारंभाचे वर्णन म्हणजे त्या समाजाचे वर्णन, असा आव तरी आणू नये.

याहून खेदाची गोष्ट ही की, मराठी प्रवासवर्णनाची मूळ परंपरा अशी नव्हती. आमच्या भाषेतील या प्रकारचा जो श्रेष्ठ ग्रंथ, तो ‘माझा प्रवास’, मौजेखातर केलेल्या प्रवासाचा नाहीच. वरसईचे गोडसे भटजी कर्जाने गांजले होते, उत्तरेकडे यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून ते घरातून निघाले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. पोटासाठी निघालेल्या माणसाला रस्ता जसा दिसतो तसा सुटीवर निघालेल्यास दिसत नाही. त्यास धान्याचा भाव, पाण्याची सोय, कोणता माणूस विश्वासाचा, हे सर्व पाहावे लागते. गोडसे भटजींच्या पानापानांत ते आहे. त्याच सुमारास त्याच कोकणातून दुसरी माणसे पोटासाठीच बोटीवर चढत होती. एकाच्या हाती लेखणी होती, दुसऱ्यांच्या हाती ती नव्हती, एवढाच काय तो भेद. आणि म्हणून भटजींचा प्रवास १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व मोरस बेटास गेलेल्यांचा मुका राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेविषयी लिहिले, तेव्हा तेथील लोकस्थिती, शिक्षण, स्त्रियांचे हक्क, निग्रोंची दैना यांस पुस्तकात जागा दिली. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाशी कोणाचे मत जुळो वा न जुळो, त्यात एक जिज्ञासा आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) हसणे भरपूर, पण त्या हसण्याच्या मध्यभागी माणूस आहे, हॉटेलची खिडकी नाही. या सर्वांचा वारसा सांगणाऱ्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रावर तीन पाने भरावी, याचे आम्हांस नवल वाटते.

आम्ही हे माजरीहून लिहीत आहोत, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. भद्रावती तालुक्यातील हे कोळशाचे गाव दिल्ली–चेन्नई लोहमार्गावर आहे. वणीकडे जाणारा फाटा येथेच फुटतो, आणि लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या येथे न थांबता निघून जातात. खाणींत काम करणारी माणसे छत्तीसगडहून, तेलंगणातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आली. येथील वस्तीत मराठी, हिंदी व तेलुगू एकाच पाण्याच्या नळाशी बोलल्या जातात. खुल्या खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे हे आमचे डोंगर. हा कोळसा विजेच्या कारखान्यांत जाऊन दूरदूरच्या शहरांतील दिवे लावतो. पण दिवा लावणाऱ्यास माजरी ठाऊक असण्याचे कारण नाही, जसे मोरस साखर चहात टाकणाऱ्यास वाक्वा ठाऊक नव्हते. आणि आमच्या जिल्ह्यातही आता पाहुणे येतात. ते ताडोबास जातात. मोहर्लीच्या फाटकातून जिप्सीत बसून आत शिरतात, वाघ पाहतात, आणि लिहितात. माया नावाच्या वाघिणीचे नाव मुंबई-पुण्याच्या वाचकांस पाठ झाले होते. त्याच लेखांत जिप्सीच्या पुढच्या बाजूस बसलेल्या वाटाड्याचे गाव कोणते हे एकदाही आढळत नाही. व्याघ्रप्रकल्पासाठी गाभ्यातील काही गावे बाहेर हलविण्यात आली, ही गोष्ट चुकून आलीच तर ‘त्यामुळे जंगल निर्मनुष्य व रमणीय झाले आहे’ अशा वळणाने येते. फ्रेंच बेटांच्या वर्णनांविषयी आम्हांस एवढा कळवळा कशासाठी, असे कोणी विचारील तर उत्तर हे आहे. तीच लेखणी आमच्याकडेही येते.

रियुनियन या बेटाचेच उदाहरण घ्या. तेथील ज्वालामुखी, पिताँ द ला फुर्नेझ, जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक असून त्याचे वर्णन सर्वजण करतात, आणि ते योग्यच आहे. व्हॅनिलाच्या शेंगा सर्वजण विकत घेतात. पण त्या शेंगेची कथा कोणी सांगत नाही. मेक्सिकोहून आणलेली ही वेल बेटावर फुलत असे, फळत मात्र नसे. कारण तिचे परागसिंचन करणारा कीटक येथे नव्हता. १८४१ साली एदमाँ नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातील पडदा बाजूस सारून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती काढली, आणि त्या एका युक्तीवर साऱ्या हिंदी महासागरातील व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला. युक्ती त्याची नसून एका वनस्पतिशास्त्रज्ञाची, असेही म्हणून पाहण्यात आले. सुदैवाने त्याच्या मालकानेच त्याची बाजू घेतली. १८४८ साली गुलामगिरी संपल्यावर त्यास आल्ब्यूस हे आडनाव मिळाले. १८८० साली तो दारिद्र्यात मेला. शेंगेला आजही जुन्या फ्रेंच राजघराण्यावरून ‘बूरबाँ व्हॅनिला’ म्हणतात. याच बेटाच्या मध्यभागी मफात नावाचे खोरे आहे. तेथे अद्याप मोटारीचा रस्ता नाही, पायी जावे लागते, आणि पदभ्रमणाची आवड असलेल्यांस ते फार मोहविते. रस्ता नसण्याची सोय आधी कोणास झाली? मळ्यांतून पळालेल्या गुलामांस. ही गोष्ट ठाऊक असलेल्या प्रवाशास ती चढण अधिक सुंदर दिसेल, असे आमचे मत आहे.

या बेटावर आपले लोकही आहेत; १८६० च्या इंग्रज-फ्रेंच करारान्वये नेलेले, बहुतेक तमिळ, परंतु ‘मालबार’ म्हणून ओळखले जाणारे. छळाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा १८८२ साली ही भरती हिंदुस्थान सरकारने थांबविली. १९४६ साली रियुनियन, मार्टिनिक, ग्वादलूप व गयाना यांस फ्रान्सचे जिल्हे करण्यात आले, म्हणजे कागदावर तेथील मनुष्य पॅरिसकराच्या बरोबरीचा झाला. त्यानंतरच, १९६३ पासून सुमारे दोन दशके, रियुनियनमधील दोन हजारांवर मुले उचलून फ्रान्समधील ओस पडत चाललेल्या खेड्यांत नेण्यात आली. त्याची नैतिक जबाबदारी फ्रेंच लोकसभेने २०१४ साली मान्य केली. मार्टिनिक व ग्वादलूप येथे केळीच्या बागांवर १९९३ पर्यंत फवारलेले क्लोरडेकोन नावाचे विष आज जमिनीत, पाण्यात व बहुतेक रहिवाशांच्या रक्तात आहे. गयानाच्या किनाऱ्यासमोरील ज्या बेटांवर कैदी कुजविले ती आता सहलीची ठिकाणे झाली आहेत. याविषयी मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. अंदमान आम्ही ‘माझी जन्मठेप’ (१९२७) वाचून पाहावयास जातो, आणि म्हणूनच तेथल्या कोठडीसमोर उभे राहणारा मराठी माणूस निदान क्षणभर गप्प होतो. पुस्तकाने स्थळ कसे बदलते, याचा हा घरचा पुरावा होय.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. वर्षभर कचेरीत राबून चार दिवस समुद्रावर गेलेल्या माणसाने तेथेही गुलाम आणि विषच पाहावे काय? त्यास सुख नको काय? सुख हवे, आणि त्याने ते खुशाल घ्यावे. पोहून आलेल्या प्रत्येकास आम्ही जाब विचारीत नाही. जो लेख लिहून तो छापावयास देतो त्यासच विचारतो. शिवाय आमची मागणी दुःखाची नसून नेमकेपणाची आहे. क्रेओल माणसाच्या घरची डाळ कशी लागते, ‘सेगा’ हे गाणे-नाच कोणाच्या अंगणात जन्मले, ऊस तोडणीच्या हंगामात रस्त्यावर कसला वास येतो, हे लिहिले तरी ते बेट दुसऱ्या कोणत्याही बेटाहून वेगळे दिसू लागेल. बोदलेर १८४१ साली तरुणपणी मॉरिशस व रियुनियन येथे थोडेच दिवस राहिला. तेथील उष्ण हवेतील सुगंध त्याच्या काव्यात जन्मभर दरवळत राहिला. तेव्हा मुक्काम अल्प होता ही सबब चालणार नाही.

जे पाहुण्यांनी केले नाही ते यजमानांनी केले आहे. मार्टिनिकचा एमे सेझेर शिकून मायदेशी परतण्याच्या सुमारास, १९३९ साली, आपल्या जन्मभूमीवर दीर्घकाव्य प्रसिद्ध करतो. त्यात ताडांच्या रांगा नाहीत, भुकेने व देवीच्या व्रणांनी भरलेले, जमिनीस चिकटून पडलेले एक गाव आहे. प्रवासवर्णनाचा हा संपूर्ण उलटा आरसा. मॉरिशसचे अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ (१९७७) ही कादंबरी हिंदीत असल्यामुळे आम्हां विदर्भीयांस तर वाचावयास काहीच अडचण नसावी. त्याच बेटावर जन्मलेल्या नताशा अप्पाना यांनी २००३ साली फ्रेंचमध्ये कराराच्या मजुरांवर कादंबरी लिहिली. दगड उलटला की सोने सापडते अशा थापांवर माणसे कशी बोटीत चढली, हे त्यात आहे. ही पुस्तके तिकिटाच्या आधी चाळली जावीत, अशी आमची शिफारस आहे.

राहता राहिला मुक्या राहिलेल्या कोकणी मजुरांचा प्रवास. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारशात गणला जातो, आणि तेथील पायऱ्या पाहून छायाचित्र घेण्यास प्रवासी जाऊ लागले आहेत. पण त्या पायऱ्यांवरून चढलेल्यांच्या नोंदवह्या घाटावर नाहीत. त्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरील खूण, आणि पुढील काळातील कित्येकांची छायाचित्रेही. परक्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेली कोकणातील गावांची नावे ओळखावयास मराठी कानच पाहिजे. राजधानीपासून मोका दहा-बारा किलोमीटरांवर आहे. आमच्या प्रवासी लेखकांपैकी कोणी समुद्रावरची एक सकाळ सोडून तेथे बसला, आणि त्यातील एकाच माणसाच्या गावापासून मळ्यापर्यंतचा रस्ता शोधून लिहिला, तर तो लेख कितीही लांब असला तरी आम्ही तो आनंदाने वाचू.